आरसीवरच्या एका ओळीसाठी : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी कृष्णाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दीड वर्षाची असताना दोन्ही पाय पोलिओने गेले. डाव्या पायाला कमरेपर्यंत कॅलिपर, काखेत कुबड्या. गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या परिवहन कार्यालयाने माझ्या कारमधल्या बदलाची आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंद करायला नकार दिला. नकाराचे पत्र काही मिळाले नाही. अर्ज तेवढा परत आला आणि त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘कंपनी एनओसी?’ एवढे लिहिलेले होते. प्रश्नचिन्हासकट. पेन्सिलीचे खोडून टाकता येते, म्हणून मी माझे म्हणणे शाईने आणि चारचौघांत मांडते आहे.

कार्यालयाचे किंवा कुणा अधिकाऱ्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही. प्रश्न एकाच खिडकीचा असता तर त्या खिडकीशीच भांडून मोकळी झाले असते. पण हँड कंट्रोल, साइड व्हील, बदललेले पेडल अशा गाड्या चालवणाऱ्या आम्हा लोकांचा एक ग्रुप आहे आणि त्यावर दर आठवड्याला कुणी ना कुणी हीच गोष्ट वेगळ्या जिल्ह्यातून सांगतो. एका कार्यालयात दोन दिवसांत झालेले काम शेजारच्या जिल्ह्यात दोन वर्षे होत नाही. कायदा एक, राज्य एक, खाते एक. म्हणून पत्र थेट आपल्याला.

आधी थोडे माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

अठरा वर्षे मी साइड व्हीलची स्कूटर चालवली. तिला सगळे ‘तीनचाकी’ म्हणतात, चाके असतात चार. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी फ्रेमवर एकेक चाक, आणि स्कूटरचे मूळचे मागचे चाक मध्ये तसेच. जोर फक्त त्या मधल्या चाकाला. आता आमचे रस्ते डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंची चाके उंचवट्यावर चढली आणि मधले चाक खड्ड्यावर आले की ते हवेत गरगर फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी मी हॉर्न वाजवत बसते. शेतातून कुणीतरी येऊन ढकलतो. रिव्हर्स गिअर नाही, त्यामुळे बोळात शिरले की बाहेर काढायलाही माणूस लागतो. पावसाळ्यात कुबड्या पायांशी आडव्या, वर रेनकोट, आणि शाळा नऊ किलोमीटरवर. तरीही सांगते, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती असे कुणी विचारले तर नोकरीच्याही आधी मी त्या स्कूटरचे नाव घेईन. तोवर मी कुठेही जायची म्हणजे कुणीतरी मला न्यायचे असायचे.

तिच्या लायसनवर मात्र बरीच वर्षे ‘इन्व्हॅलिड कॅरेज’, म्हणजे अपंगाचे वाहन, असे छापलेले होते आणि पुढे त्याच एका स्कूटरचा नंबर. एका पोलीस हवालदाराने मला एकदा सरळ विचारले, ‘मॅडम, लायसन इन्व्हॅलिड आहे, मग गाडी कशी चालवता?’ तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरेच वाटले की लायसन रद्द झाले आहे. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने हा शब्द काढून ‘अ‍ॅडाप्टेड व्हेइकल’ हा शब्द घातला, म्हणजे अपंग व्यक्तीच्या गरजेनुसार बनवलेले किंवा बदललेले वाहन. शब्द बदलला याचा मला आनंद आहे. आम्हाला अपंग म्हणायचे की दिव्यांग यावर तर आपल्याकडे परिसंवाद होतात. मी ‘अपंग’च लिहिते, माझ्या जिभेवर तेच आहे. हवे ते म्हणा, पण नोंद करा.

दोन वर्षांपूर्वी खांदे बोलू लागले. कुबड्यांवर चाळीस वर्षे काढली की खांद्यांची झीज होते, डॉक्टरांनी स्कूटर कमी करायला सांगितले. कार घ्यायची हिंमत झाली ती क्लच नसलेल्या स्वस्त गाड्यांमुळे. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी, म्हणजे क्लच न दाबता आपोआप बदलणाऱ्या, गिअरसह आली आणि त्यानंतर हळूहळू लहान गाड्यांमध्येही हा पर्याय मिळू लागला. पायाचे तीन पेडल दोनावर आले, आणि दोन पेडलांचे काम एका हाताने होऊ शकते. बाकीच्यांसाठी ती ट्रॅफिकमधली सोय असेल. आमच्यासाठी कार चालवणे शक्य आहे की नाही याचे उत्तरच बदलले.

हँड कंट्रोल म्हणजे काय हे आपल्याला माहीत असेलच, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत. स्टिअरिंगच्या खाली डावीकडे एक दांडा येतो. तो पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की अ‍ॅक्सिलरेटर. खाली दोन रॉड पेडलांना क्लॅम्पने जोडलेले. स्टिअरिंगवर एक नॉब, म्हणजे उजव्या हाताने पूर्ण वळण घेता येते. जुने ट्रकवाले लावायचे तसाच. इंजिनाला हात नाही, ब्रेकच्या पाइपला हात नाही, कुठे वेल्डिंग नाही. मूळ पेडल जागेवरच राहतात, त्यामुळे माझा भाऊ तीच गाडी पायाने चालवतो. पुण्यात बसवून घेतले, अठ्ठावीस हजार रुपये आणि एक दिवस लागला. साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर बैलगाड्यांचा तळ रिकामा असतो. कारखान्याच्या परवानगीने तिथे दोन महिने रोज संध्याकाळी शिकले. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये का नाही, असे विचाराल. हँड कंट्रोलची गाडी असलेले स्कूल मला तीन तालुक्यांत सापडले नाही.

आता नकाराकडे येते.

खिडकीवर पहिल्यांदा मला सांगितले गेले, ‘बदल करण्याआधी परवानगी का घेतली नाही?’ दुसऱ्या खेपेला, ‘गाडीच्या कंपनीचे ना हरकत पत्र आणा.’ तिसऱ्या खेपेला, ‘किटला एआरएआयचे सर्टिफिकेट आहे का?’ किट म्हणजे तो दांड्याचा संच आणि एआरएआय म्हणजे वाहने तपासणारी संस्था. चौथ्या खेपेला साहेब रजेवर होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ ला २०१९ च्या दुरुस्तीने जे नवे पोटकलम २ मिळाले, ते सांगते की कोणतीही व्यक्ती स्वतःच्या मालकीचे वाहन अपंगांसाठीच्या अशा बदललेल्या वाहनात बदलून घेऊ शकते आणि नोंदणी प्राधिकरणाची मान्यता त्यानंतर घ्यायची आहे. त्यानंतर. हा शब्द मी अर्जात अधोरेखित करून दिला होता. इतर बदलांना आधी परवानगी हवी, हा मात्र अपवाद, आणि तो संसदेने आमच्यासाठी समजून-उमजून केलेला दिसतो. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका खटल्यात निकाल दिला होता की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाही. तो निकाल जाड टायर आणि कर्णकर्कश सायलेन्सर लावणाऱ्यांच्या अंगावर जितका आला, तितकाच आमच्याही आला. ऑगस्टमध्ये दुरुस्ती कायदा झाला आणि आमच्यापुरता मार्ग मोकळा झाला. खिडकीवरची माणसे मात्र अजून त्या वर्षीच्या जानेवारीतच आहेत.

पोटकलमाला एक अट जोडलेली आहे हेही लिहिते, नाहीतर अर्धेच सांगितल्याचा आरोप होईल. बदल केंद्र सरकारने घातलेल्या शर्तींत बसला पाहिजे. बसलाच पाहिजे. ब्रेकचा दांडा निसटला तर आधी मी मरेन. पण शर्ती पाहायच्या म्हणजे कुणीतरी गाडी पाहिली पाहिजे ना? चार खेपांत एकाही अधिकाऱ्याने माझी गाडी पाहिलेली नाही. ती आवारात, चिंचेखाली उभी होती.

कंपनीच्या पत्राचे सांगायचे तर मी शोरूमला विचारले, त्यांनी हेल्पलाइनचा नंबर दिला, हेल्पलाइनने ई-मेल पाठवायला सांगितले आणि ई-मेलला उत्तर आले की बाहेरून केलेल्या कोणत्याही बदलाला आम्ही मान्यता देत नाही. कंपनीला दोष तरी काय द्यायचा? दुसऱ्याने लावलेल्या दांड्याची जबाबदारी ती का घेईल? कायद्याने तिच्या पत्राची अट घातलेली नाही, ती खिडकीने घातली. उलट त्याच दुरुस्तीत असे आहे की केंद्राने ठरवून दिलेल्या तपशिलात बसणाऱ्या बदलामुळे कंपनीची वॉरंटी रद्द झाली असे मानायचे नाही.

एआरएआयचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते. वाहने आणि त्यांचे भाग तपासणारी देशातली एवढी मोठी संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. पण तिच्याकडे जायचे ते कंपन्यांनी. हँड कंट्रोल बसवणारी माणसे कोण असतात? गॅरेजवाला, फॅब्रिकेटर, आणि बऱ्याचदा स्वतःच अपंग असलेला एखादा हुशार कारागीर, ज्याने आधी स्वतःसाठी दांडा बनवला आणि मग गावोगावच्या लोकांसाठी. महिन्याला चार-पाच किट विकणाऱ्याने मोटार कंपनीच्या मापाची चाचणी फी भरावी ही अपेक्षा म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तपासलेले किट हवे असेल तर तपासणीचा खर्च सरकारने उचलावा आणि पास झालेल्या किटची यादी लावावी. अलीकडे वॅगनआरसाठी बाहेर वळणारी सीट खुद्द कंपनीच्याच शोरूममध्ये मिळू लागली आहे. म्हणजे मनात आणले तर तपासून, पक्की करून वस्तू बाजारात येते.

लायसनची कथा वेगळीच. लर्निंग लायसन मला घरबसल्या मिळाले, तेही सिव्हिलच्या दाखल्यावर, हे मोकळेपणाने कबूल करते. ती सोय ज्याने केली त्याचे भले होवो. पण पक्क्या लायसनच्या टेस्टला गेले तर ट्रॅकवरच्या इन्स्पेक्टरने आरसी मागितली. ‘या गाडीत बदलाची नोंद नाही, हिच्यावर तुमची टेस्ट घेता येत नाही.’ नोंदणीच्या खिडकीवर गेले तर विचारले, ‘चारचाकीचे लायसन कुठे आहे तुमचे?’ लगीन झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लगीन होत नाही. म्हण वेड्यांवर अन्याय करणारी आहे, पण दुसरी सुचत नाही. लर्निंगची मुदत सहा महिने. माझे एक संपले, दुसरे संपत आले. तोवर गाडी माझी, हप्ता माझा, दांडा माझ्या मापाचा आणि मी डावीकडच्या सीटवर.

‘एका नोंदीसाठी एवढे काय?’ असे मला शाळेतल्या सहकाऱ्यांनीही विचारले. म्हणून त्या एका ओळीचा हिशेब मांडते.

नोंद नसेल तर उद्या नाक्यावर कुणी अडवून कलम १८२ए लावू शकतो : मालकाने विनापरवानगी बदल केला तर प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दांडा एक, नॉब एक. हिशेब तुम्हीच करा. विम्याचे तसेच. मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरपत्रकात, अपंगांसाठी बदललेल्या वाहनाला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट आहे, पण आरसीवर आरटीओची नोंद असेल तर. हप्त्याची सूट राहू द्या; अपघात झाला आणि कंपनीच्या सर्व्हेअरने आत डोकावून विचारले की हा दांडा कागदावर कुठे आहे, तर माझ्याकडे उत्तर नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या टोल नियमांत अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या वाहनाला माफी आहे, तीही कागद पाहूनच. रस्ता कर मी इतरांसारखा ११ टक्क्यांनी भरला, माफीचे विचारले तर ‘वाहनाचा प्रकार बदलला की मग अर्ज करा’ असे मला सांगण्यात आले. मालकीच्या प्रकारातच ‘दिव्यांगजन’ असा पर्याय ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये आहे. शोरूममधल्या मुलाने ‘वैयक्तिक’वर टिक केली, कारण दुसरे काही असते हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. तुमच्या कार्यालयाने तो फॉर्म पाहून, शिक्का मारून मंजूर केला तेव्हा माझ्या कुबड्या शोरूममध्ये होत्या, फोटो मात्र फॉर्मवर होता.

जीएसटीची सवलत तर आता विषयच राहिला नाही. पूर्वी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अस्थिव्यंग असलेल्यांना अवजड उद्योग खात्याच्या प्रमाणपत्रावर लहान कार २८ ऐवजी १८ टक्क्यांत मिळायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्या सगळ्यांनाच १८ टक्क्यांत मिळतात. सगळ्यांचे भले झाले, उत्तम झाले. पण हँड कंट्रोलचे अठ्ठावीस हजार, साइड व्हीलचे पंधरा हजार, सीट वळवायचे पन्नास-साठ हजार हे जादाचे ओझे आमच्याच डोक्यावर राहिले आणि ते थोडे हलके करणारी तफावत संपली. हा निर्णय तुमचा नाही, जाणून आहे. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४१ राज्य सरकारवरही बंधनकारक आहे. परवडणाऱ्या खर्चात स्वतःचे स्वतः फिरता यावे म्हणून योजना करायच्या, आणि त्यात वाहनांमधल्या बदलाचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाने आणि तुमच्या खात्याने एका टेबलाभोवती बसायचे म्हटले तर यातले निम्मे आठवडाभरात सुटेल.

चालवणाऱ्यांपेक्षा नुसते बसून जाणारे आमच्यात जास्त आहेत. त्यांच्याविषयी लिहिले नाही तर हे पत्र माझ्या एकटीच्या गाडीचे होईल.

माझ्या चौथीच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेला एक मुलगा आहे. वस्तीपासून शाळा चार किलोमीटर. वडापची, म्हणजे प्रवासी भरून नेणारी खासगी, जीप व्हीलचेअर घेत नाही, टपावर टाका म्हणते. शाळेच्या व्हॅनवाल्याने एकदा घेतली, मागच्या सीट काढून, दोन फळ्यांवरून चढवून. खुर्ची दोरीने सीटच्या पाइपला बांधली होती. वळणावर मुलगा खुर्चीसकट कलंडला, डोक्याला टेंगूळ आले, आईने पुन्हा पाठवले नाही. आता ती त्याला कडेवर आणते. तो दहा वर्षांचा आहे. दर महिन्याला तो थोडा जड होतो आणि ती थोडी थकते. पुढच्या वर्षी शाळा पाच किलोमीटरवर आणि नदीपलीकडे.

व्हीलचेअर गाडीत सुरक्षित ठेवायची पद्धत जगभर ठरलेली आहे आणि ती काही अंतराळशास्त्र नाही. खुर्ची गाडी जाते त्या दिशेने तोंड करून, चार कोपऱ्यांना चार पट्टे, ते गाडीच्या तळातल्या पक्क्या कड्यांना. बसलेल्या माणसाला वेगळा पट्टा, कारण खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला असे होत नाही. दोन पन्हळींचा घडीचा रॅम्प. आमच्या तालुक्याच्या गावात ट्रॉल्या बनवणारे कारागीर आहेत, ते दोन दिवसांत बसवून देतील. त्यांना हवा आहे मंजूर नकाशा आणि व्हॅनवाल्याला हवी आहे खात्री की पासिंगला गाडी नापास होणार नाही. मी त्याला विनवले तेव्हा तो म्हणाला, ‘बाई, सीट काढली तर साहेब पासिंग करत नाहीत, आणि नाही काढली तर पोरगं बसत नाही.’ राज्याचे स्कूल बसचे नियम २०११ पासून आहेत आणि या व्हॅन तुमचेच अधिकारी तपासतात. तो मुलगा त्यांच्या तपासणीत कुठेच येत नाही.

एसटीत मला ७५ टक्के सवलत आहे. सवलत तिकिटात आहे, पायरीत नाही. लालपरीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. कुबड्या आधी वर टाकायच्या, दांडा धरायचा, आणि मागून कुणीतरी उचलायचे. बाईमाणसाला मागून कोण उचलते आणि कसे, हे मी इथे लिहित नाही. आपल्या घरातल्या बायकांना विचारा. २७ डिसेंबर २०१९ ची केंद्राची अधिसूचना आहे, १ मार्च २०२० पासून लागू : बसमध्ये राखीव जागा आणि त्याच्या खुणा, आधाराचे दांडे, कुबड्या-काठ्या ठेवायची सोय, आणि व्हीलचेअर चढवायची, ठेवायची व लॉक करायची व्यवस्था. फिटनेस तपासणीच्या वेळी हे पाहायचे असेही केंद्राने तेव्हाच सांगितले होते. फिटनेस कोण देते? आपणच. खिडकीच्या वर ‘दिव्यांगांसाठी राखीव’ एवढी पट्टी रंगवली की बाकीचे पाहिले असे समजले जाते काय? महामंडळाला दोष देणे सोपे आहे, पण बस रस्त्यावर यायच्या आधी तिच्या कागदावर सही तुमच्या खात्याची होते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. आपल्या खात्यापर्यंत ते कोणत्या टपालाने पोहोचेल?

कधीकधी एखादी बातमी येते आणि लोक मला फॉरवर्ड करतात. डिसेंबर २०२३ मध्ये केरळच्या जिलुमोल मरियट थॉमस यांना, ज्यांना जन्मतः दोन्ही हात नाहीत, पायाने चालवायच्या बदललेल्या गाडीसाठी लायसन मिळाले, खुद्द मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. ‘बघ, हिंमत पाहिजे,’ असे खाली लिहिलेले असते. मला त्या बातमीत हिंमतीपेक्षा दुसरेच दिसते. आधी त्यांना नकारच मिळाला होता. राज्याच्या अपंग आयोगाला मध्ये पडावे लागले. प्रत्येकाला आयोग आणि मुख्यमंत्री कुठून मिळणार? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंगांची संख्या २९ लाखांच्या वर होती. आणि पोलिओ संपला, आता ही मंडळीही कमी होतील, असे मनात येत असेल तर आपल्याच खात्याच्या अपघातांच्या फाइली काढा. मणका मोडून, पाय गमावून दर वर्षी किती तरुण दवाखान्यातून बाहेर येतात! त्यातले बरेच जण आदल्या दिवसापर्यंत लायसनधारक चालक होते.

मागण्या सांगते. त्या नव्या कायद्याच्या नाहीत, असलेला पाळायच्या आहेत.

सर्व परिवहन कार्यालयांना एक लेखी परिपत्रक काढा, मराठीतून, एका पानाचे. कलम ५२(२) खालच्या अर्जाला बदलाआधीच्या परवानगीची किंवा गाडीच्या कंपनीच्या पत्राची अट लावू नये. अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत अधिकाऱ्याने गाडी प्रत्यक्ष पाहावी : ब्रेक पूर्ण दाबला जातो का, दांडा सुटतो का, मूळ पेडल अडते का. मग नोंद करावी किंवा नकार कारणांसह, सही-शिक्क्यासह लेखी द्यावा. पेन्सिलीने नव्हे.

लायसनची टेस्ट आणि बदलाची तपासणी एकाच दिवशी, एकाच गाडीवर, एकाच ट्रॅकवर घ्या. लगीन आणि वेड दोन्ही एकदम उरकू द्या. आणि ज्याचा फक्त डावा पाय अधू आहे आणि गाडी ऑटोमॅटिक आहे, त्याच्याकडून नसलेल्या बदलाचा आग्रह धरू नका. आमच्या ग्रुपवरच्या एकाला नुसते दाखवण्यासाठी एक खोटा दांडा बसवावा लागला होता, टेस्ट झाल्यावर त्याने तो काढून भंगारात विकला.

एआरएआयकडून हँड कंट्रोल, डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर, साइड व्हील, व्हीलचेअरचे पट्टे आणि रॅम्प यांचे काही नमुने सरकारी खर्चाने तपासून घ्या आणि नकाशांसह वेबसाइटवर ठेवा, म्हणजे गावचा फॅब्रिकेटरही ते बनवू शकेल. बनवणाऱ्याला चोर ठरवून कुणाचीच सुरक्षा वाढलेली नाही.

नवीन बसला फिटनेस देताना २०१९ च्या अधिसूचनेतली यादी हातात घेऊन बसमध्ये चढा. जमल्यास एकदा कुबड्या घेऊन चढा. व्हीलचेअरसाठी सीट काढलेल्या स्कूल व्हॅनला त्या कारणाने नापास करू नका, पट्टे नसतील तर जरूर करा.

प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तरी ट्रेनिंग स्कूलने हँड कंट्रोलची एक गाडी ठेवावी, असे काही करता आले तर पाहा. हे सक्तीने होईल की सवलतीने, ते मला ठरवता येत नाही.

आणि करमाफी, टोलमाफी, विम्याची सूट यांसाठी वेगवेगळे अर्ज न मागता ती एक ओळ आरसीवर चढली की बाकीचे आपोआप व्हावे. संगणक एकच आहे ना खात्याचा?

माझा अर्ज परत दाखल केला आहे. पोच मिळाली आहे, तिच्यावर शिक्का आहे, तारीख अजून नाही. तारीख मिळाली तर एवढेच करा : नोंदणीची शाखा पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, तेव्हा त्या दिवशी साहेबांनी खाली यावे. मी गाडीतच असेन, चिंचेखाली. या वेळी उजव्या सीटवर.

कळावे,

आपली,
एक शिक्षिका आणि लर्निंग लायसनधारक
(नाव लिहिलेले नाही, अर्ज अजून टेबलावर आहे.)

प्रत : आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे